एत्तेस्तूपा

एत्तेस्तूपा हा स्वीडिश भाषेतील एक जुना शब्द आहे. कुटुंबाला भार झालेल्या वृद्धांनी ज्यावरून उडी घ्यावी, किंवा ज्यावरून त्यांना लोटून द्यावे, असा कडा हा त्याचा रूढ अर्थ होय. अशी चाल स्वीडनमध्ये खरोखर होती याला पुरातत्त्वीय पुरावा नाही. तरीही या नावाने ओळखले जाणारे अनेक कडे देशात दाखवले जातात.

व्युत्पत्ती

'एत' म्हणजे कूळ आणि 'स्तूपा' म्हणजे उभा उतार. 'स्तूपा' हेच क्रियापद म्हणून कोसळणे आणि रणांगणावर पडणे या अर्थांनीही येते. (संस्कृत 'स्तूप' शब्दाशी याचा संबंध नाही.) मूळ प्राचीन नॉर्स शब्दातील 'स्तापि'चा अर्थ मात्र केवळ सुळका किंवा कडा असा आहे. म्हणजे मूळ नाव 'कुळाचा कडा' एवढेच सांगते. त्यातील कोसळण्याची छटा स्वीडिश रूपाने आणली.

उगम

हा कडा मध्ययुगीन आइसलँडी 'गौत्रेकच्या सागे'त येतो. शिकारीत वाट चुकलेला राजा गौती रानातील एका कंजूष कुटुंबाच्या घरी पोहोचतो. पाहुण्याला जेवू घालावे लागले या धक्क्याने घरचा बाप पत्नीसह कड्यावरून उडी घेतो आणि एका गुलामाला बक्षीस म्हणून सोबत नेतो. या रीतीमुळे आईबापांचा भार मुलांवर राहत नाही आणि मृत थेट ओडिन देवाकडे जातात, असे त्यांची मुलगी स्नोत्रा राजाला सांगते. मात्र पुढे तिचे भाऊच एकेक करून त्या वाटेने जातात आणि त्यांच्या मृत्यूचा वार्धक्याशी काहीही संबंध नसतो. एकाच्या सोन्यावरून दोन गोगलगायी चालत जातात व सोने झिजले असे त्याला वाटते, दुसऱ्याच्या शेतातील एक दाणा चिमणी नेते, तिसऱ्याचा बैल मारला जातो. हा प्रसंग कृपणतेची थट्टा आहे, हे उघड आहे.

प्रसार

१६६४ मध्ये उलाउस वेरेलियुस यांनी उप्साला येथे ही सागा स्वीडिश भाषांतरासह छापली. स्वीडन त्या काळी युरोपातील बलाढ्य सत्ता होती आणि तेथील विद्वान राष्ट्राच्या प्राचीन वैभवाचे दाखले शोधत होते. त्यामुळे विनोदी कथा इतिहास म्हणून वाचली गेली. उत्तरेकडील हायपरबोरियन लोक आयुष्याला तृप्त झाल्यावर समुद्रात उडी घेतात, असे रोमन लेखक प्लिनी याने लिहिले होतेच. पुढे लोकांनी आपापल्या परिसरातील कड्यांना हे नाव दिले. वेस्तेर्योतलांडमधील हालेबेर्ग डोंगराचा कडा त्यांपैकी प्रसिद्ध आहे. नावावरून कथा आणि कथेवरून नाव अशी ही साखळी असल्याने स्थळनामे पुरावा ठरत नाहीत. इतिहासकार बिर्गिट्टा ओदेन यांनी १९९६ मध्ये या मिथकाची चिकित्सा केली.

कायद्यातील चित्र वेगळे आहे. स्कोने प्रांताच्या मध्ययुगीन कायद्यात, वृद्धाने आपली मालमत्ता नातलगाच्या स्वाधीन करावी व त्याने वृद्धाला पोसावे, अशी तरतूद होती.

आधुनिक वापर

आज हा शब्द मुख्यतः लाक्षणिक अर्थाने येतो. निवृत्तिवेतन किंवा वृद्धसेवेतील कपातीवर टीका करताना स्वीडिश राजकारणात तो वापरला जातो. २०१९ च्या 'मिडसोमार' या चित्रपटातील कड्याच्या दृश्यामुळे तो स्वीडनबाहेरही माहीत झाला.