मूत्रपिंडरक्षक वनस्पती-अर्कांची चाचणी

औषधांमुळे मूत्रपिंडाला होणारी इजा एखाद्या वनस्पतीच्या अर्काने टळते किंवा कमी होते का, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासण्याच्या पद्धतीस मूत्रपिंडरक्षक वनस्पती-अर्कांची चाचणी असे म्हणतात.

पार्श्वभूमी

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. त्यामुळे रक्तातील औषधेही तेथे मोठ्या प्रमाणात पोहोचतात. जेंटामायसिन हे प्रतिजैविक मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठून त्यांना इजा करते. कर्करोगावरील सिस्प्लॅटिनही याच पेशींना घातक ठरते. गंभीर आजारात ही औषधे अनेकदा टाळता येत नाहीत. म्हणून संरक्षक द्रव्यांचा शोध घेतला जातो. पुनर्नवा, गोखरू, हळद इत्यादी वनस्पतींचा या दृष्टीने अभ्यास झाला आहे.

कार्यपद्धती

वनस्पतीची शास्त्रीय ओळख पटवून ती वाळवतात व तिच्या चूर्णापासून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. प्रयोगास प्राणी-नीतिशास्त्र समितीची मान्यता आवश्यक असते. उंदीरवर्गीय प्राण्यांचे गट केले जातात : निरोगी गट, केवळ इजाकारक औषध दिलेला गट आणि औषधासोबत अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा दिलेले गट.

मूल्यमापन

रक्तातील क्रिएटिनिन व युरिया मोजतात. मात्र मूत्रपिंडाची बरीच कार्यक्षमता घटल्यावरच क्रिएटिनिन ठळकपणे वाढते. त्यामुळे ऊतींचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षणही करतात. ऑक्सिडीकरणाचा ताण जोखण्यासाठी ग्लुटाथायोन, कॅटॅलेज आदींची पातळी पाहिली जाते.

मर्यादा

बहुतेक प्रयोगांत अर्क इजा होण्यापूर्वीच किंवा इजाकारक औषधासोबत दिला जातो. त्यामुळे आधीच झालेली इजा तो भरून काढतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. अर्कामुळे मूळ औषधाचा गुण कमी होतो का, हेही तपासावे लागते. कर्करोगाच्या पेशी वाचल्या, तर मूत्रपिंडाच्या रक्षणाला अर्थ उरत नाही. शिवाय प्राण्यांतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

वनस्पतिजन्य द्रव्य निरुपद्रवीच असते, असेही नाही. बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मिश्रणात अपेक्षित वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीची वनस्पती आली होती. तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाला विषारी असून कर्करोगकारकही आहे. म्हणूनच वनस्पतीची अचूक ओळख आणि अर्काच्या विषारीपणाची स्वतंत्र तपासणी यांना या चाचणीत पायाभूत महत्त्व आहे.