पहिल्या बाळाच्या रक्ताचा थेंब

रक्तात इन्शुलिन भरपूर असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. गर्भाची वाढही इन्शुलिनवर अवलंबून असल्याने असं बाळ आईच्या पोटातच खुरटतं. जन्मल्यावर अंगावर चरबी जवळपास नसते. दूध प्यायल्यावर साखर चढते, उपाशीपोटी धोकादायक उतरते. डोनोह्यू सिंड्रोम हा इन्शुलिनला दाद न देणाऱ्या आनुवंशिक आजारांतला सर्वांत तीव्र प्रकार. त्यातली बहुतेक बाळं वर्ष-दोन वर्षांत दगावतात.

हा आजार गर्भातच ओळखण्याची वाट कॅनडातल्या टोरांटोत सुरू होते. तिथले डॉक्टर डोनोह्यू यांनी १९४८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. १९५४ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ आयरीन उचिडा यांच्यासह त्यांनी दोन सख्ख्या बहिणींची नोंद प्रसिद्ध केली. आईवडील एकमेकांच्या नात्यातले होते. दोष आनुवंशिक आहे हे दिसत होतं, पण तो नेमका कुठे आहे हे शोधायला साधन नव्हतं.

१९६६ मध्ये गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं तपासता आली. मात्र या आजारात गुणसूत्रं वरवर धडधाकटच दिसतात. पुढे पेशींवरच्या इन्शुलिन-रिसेप्टरचा, म्हणजे इन्शुलिन ज्याला चिकटतं त्या प्रथिनाचा, अभ्यास सुरू झाला आणि १९८५ मध्ये त्याचं जनुक हाती आलं. १९८८ मध्ये रुग्णाच्या जनुकातले बिघाड वाचता आले: एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आईवडील स्वतः वाहक, म्हणून प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. १९९५ मध्ये अशाच एका कुटुंबातले दोन्ही बिघाड ओळखून त्यांचा गर्भनिदानासाठी उपयोग झाल्याचं प्रसिद्ध झालं.

आज अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन ही तपासणी होऊ शकते. अशा तपासणीतून गर्भाचं लिंगही कळू शकतं, म्हणून गर्भलिंग निवडीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा लिंग सांगायला मनाई करतो. आनुवंशिक चयापचय विकारांच्या तपासणीला मात्र नोंदणीकृत केंद्रात मुभा देतो.

तरीही पुष्कळदा तपासणी अडते ती पहिल्या बाळापाशी. त्याच्या जनुकातला बिघाड माहीत असेल, तरच पुढच्या गर्भात काय शोधायचं हे खात्रीने ठरतं. म्हणून असं बाळ अतिदक्षता विभागात असतानाच डॉक्टरांनी आईवडिलांशी बोलून त्याचं थोडं रक्त डीएनएसाठी जपून ठेवायला हवं. अपत्यशोकाच्या उंबरठ्यावर हे बोलणं फार जड जातं. पण ते राहून गेलं, तर तेच आईवडील पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडतात.