कपाटातली फिल्म

मागच्या दिवाळीआधी घर रंगवायला काढले तेव्हा कपाटाच्या वरच्या खणातून एक मोठे पिवळे पाकीट खाली पडले. आत छातीच्या एक्स-रेची फिल्म होती. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या अण्णांची. साल १९९४. तीस वर्षे ती तिथेच पडून होती आणि कुणालाच ती टाकून द्यायचा धीर झाला नव्हता.

अण्णांचा नातू पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, तो तेव्हा आला होता. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला, "आजोबा, हल्ली असले फोटो मशीन वाचतं. तेव्हा असतं तर?"

मी काही बोललो नाही. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला "तेव्हा असतं तर" हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. महिनाभर मिळेल ते वाचले, नातवाला फोन करकरून शंका विचारल्या. त्यातले जे समजले ते इथे लिहितो आहे.

आधी अण्णांची हकिगत. घोटी म्हणजे भाताची पेठ. अण्णांची उभी हयात भाताच्या गिरणीत गेली. दिवसभर तूस आणि धूळ, शिवाय जोडीला बिडी. खोकला सुरू झाला, वजन उतरले. एक्स-रे काढला तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग. टीबी असे निदान होऊन औषधे सुरू झाली. सहा महिने झाले तरी डाग गेला नाही, तेव्हा "अजून थोडे दिवस घ्या" असे सांगण्यात आले. शेवटी थुंकीतून रक्त पडले तेव्हा आम्ही इगतपुरीला गाडी धरली आणि परळला टाटा हॉस्पिटलात गेलो. तिथे कळले की कर्करोग आहे आणि तो पसरला आहे. पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले.

त्या पहिल्या डॉक्टरांवर माझा फार वर्षे राग होता. आता वाचल्यावर तो बराच निवळला आहे. का, ते सांगतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्यांनाच मिळाले, आणि शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. पण क्ष-किरणांचा फोटो म्हणजे शेवटी सावलीच. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या, गळ्याजवळचे हाड, सगळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. टीबीला फुप्फुसाचा वरचा भाग आवडतो आणि कर्करोगही तिथे होतो. सावलीवर नाव लिहिलेले नसते. ज्या देशात टीबी घरोघरी, तिथे डॉक्टरांच्या मनात आधी टीबीच येणार. आपल्याकडे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण आधी टीबीची औषधे घेऊन येतात, ही डॉक्टर मंडळींची जुनीच तक्रार आहे.

सावल्यांचा हा गुंता सोडवला तो हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनीअरने. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत नोकरीला होते. शरीराभोवती फिरत अनेक बाजूंनी किरण सोडायचे आणि गणिताने आतला काप तयार करायचा, ही त्यांची कल्पना. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा फोटो निघाला. हाच सीटी स्कॅन. १९७९ साली त्यांना कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की इथे चित्राचे आकडे झाले. पाणी शून्य, हवा उणे १०००, घट्ट हाड अधिक १००० च्या आसपास. चित्र पाहायला डोळा लागतो, पण आकड्यांची बेरीज-वजाबाकी यंत्रालाही येते. पुढचे सगळे इथूनच निघाले.

पुढे आले पेट स्कॅन. यात किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी अधाशी असतात, त्या ही साखर भराभर ओढतात आणि फोटोत उजळून दिसतात. या फ्लोरीनचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो लांबून आणून साठवता येत नाही. त्यासाठी देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. पण गंमत बघा, टीबीची गाठही साखर खाते आणि तीही उजळते! म्हणजे आपल्या देशात पुन्हा तोच घोटाळा.

२०११ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा निकाल आला. ५३ हजारांहून अधिक जुन्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा दरवर्षी कमी किरणांचा सीटी काढला आणि निम्म्यांचा साधा एक्स-रे, असे तीन वर्षे. सीटीवाल्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र सीटीत ज्या तपासण्या संशयास्पद ठरल्या, त्यांतल्या ९६ टक्क्यांहून अधिक खोट्या निघाल्या. खरी-खोटी गाठ निवडायची कशी, हा प्रश्न उरलाच.

त्यासाठी आता यंत्राला शिकवतात. आम्ही पाढे घोकून घेत असू तसे लाखो फोटो दाखवायचे, प्रत्येकाचे खरे निदान सांगायचे, की हळूहळू ते स्वतः ओळखू लागते. २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे यंत्र छातीचा साधा एक्स-रे वाचून टीबीचा आणि फुप्फुसातल्या संशयास्पद गाठीचाही इशारा देते. टीबीच्या चाळणीसाठी असली यंत्रे वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. आणि टाटा हॉस्पिटलने रुग्णांच्या स्कॅनची एक पेढीच उभारायला घेतली. सुरुवात डोके-मान आणि फुप्फुस यांच्या कर्करोगापासून केली. हे मला फार मोलाचे वाटते. परदेशातल्या फुप्फुसांवर शिकलेल्या यंत्राला आपल्याकडचे टीबीचे जुने व्रण कसे कळणार? धडा आपल्या मातीतला हवा.

मग तेव्हा असते तर? खरे सांगायचे तर अण्णा वाचले असते असे म्हणवत नाही. यंत्र फक्त बोट दाखवते. निकाल लागतो तो थुंकी तपासून किंवा गाठीचा तुकडा काढूनच. पण "हा डाग टीबीचा वाटत नाही" एवढे कुणी पहिल्या महिन्यात म्हटले असते, तर सहा-सात महिने वाया गेले नसते. तेवढे मात्र नक्की.

आता घोटीजवळ धामणगावला मेडिकल कॉलेज आणि मोठे हॉस्पिटल झाले आहे, आमच्यासारखे परळपर्यंत धावावे लागत नाही. तेव्हा घरच्यांना आणि तुम्हा वाचकांना या मास्तरचे दोनच शब्द. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर तपासून घ्या. टीबीची औषधे घेऊनही डाग हलत नसेल तर पुन्हा विचारा, भिडस्तपणा करू नका. आणि जुन्या फिल्मा, सीड्या टाकू नका. डाग वाढला की तसाच राहिला हे जुन्या फोटोशी ताडूनच कळते, डॉक्टरांनाही आणि यंत्रालाही.

अण्णांची फिल्म मी पुन्हा पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. रंग लावून झाला, पण तो खण तसाच आहे. असो.