मुंबईतील जाझ संगीत आणि सी. रामचंद्र : एका सांगीतिक संगमाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेल्या गेलेल्या लोकांच्या श्रमगीतांतून व प्रार्थनागीतांतून ब्लूजचा उगम झाला आणि ब्लूजच्या पायावर जाझ उभे राहिले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हा प्रवाह मुंबईत पोहोचला. मराठी संगीतकाराच्या हाती त्याचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
1935 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड यांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनाही स्थान मिळाले. फ्रँक फर्नांड हे त्यांपैकी एक होत. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण मिळत असल्याने या वादकांना जाझ आत्मसात करणे सुलभ गेले. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील नृत्यसंध्या ओसरू लागल्या व अनेक वादक चित्रपटसृष्टीकडे वळले.

संगमाचे स्वरूप :
पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (1918-1982) यांनी विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले होते. 'अलबेला' (1951) या भगवानदादांच्या चित्रपटात त्यांनी अल्दोना येथील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अँटोनिओ झेवियर वाझ) यांच्या वाद्यवृंदाला स्थान दिले. 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' अशी चिक यांची ख्याती होती. संगीतकाराने चाल बांधावी आणि गोमंतकीय साहाय्यकाने ती स्वरलिपीत उतरवून ट्रम्पेट, सॅक्सोफोन व तालवाद्यांत तिची विभागणी करावी, अशी त्या काळातील कार्यपद्धती होती.

ब्लूजमधील गंधार शुद्ध व कोमल यांच्या मध्ये झुकतो. भारतीय संगीतातही आंदोलित स्वरांना महत्त्व आहे. म्हणजे मीलनाची भूमी सुपीक होती. तथापि चित्रपटांनी प्रामुख्याने जाझची लय व पितळी वाद्यांचा रंग स्वीकारला. बारा आवर्तनांचा ब्लूजचा साचा आणि त्यामागील वेदना बहुतांशी बाहेरच राहिली. जाझ नृत्यगृह व विनोदी प्रसंगांपुरते सीमित झाले. दुःखाच्या प्रसंगी संगीतकार रागाधारित चालींकडेच वळले.

श्रेयाचा प्रश्न :
चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सामान्यतः संगीत दिग्दर्शकाचे नाव झळके. वादक व संयोजक पडद्याआड राहत. चिक यांचे 1967 मध्ये निधन झाले. ज्यांच्या श्वासातून हे सूर उमटले, त्यांपैकी कितीतरी वादकांची नावे आज ध्वनिमुद्रिकांवरही सापडत नाहीत.

निष्कर्ष :
1) हा संगम जाणीवपूर्वक निवड करून झालेला होता, ते अंधानुकरण नव्हते.
2) त्यात गोमंतकीय वादकांचा वाटा मध्यस्थाचा नसून सहनिर्मात्याचा होता.
3) ब्लूज हा मुळातच नावे हिरावल्या गेलेल्यांचा उद्गार आहे. त्याचा वारसा चालविणारेही अनाम राहावेत, ही उणीव भरून काढणे हे संगीतेतिहासाचे कर्तव्य ठरते.