किशोरवयातील शारीरिक हालचाल

साधारण 10 ते 19 या वयात मुलामुलींचे खेळणे-धावणे कमी होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान 60 मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल करावी. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, 146 देशांतील शाळकरी मुलांच्या पाहणीत 11 ते 17 वयोगटातील 81 टक्के मुले यात कमी पडली. मुलगे 78, तर मुली 85 टक्के.

दक्षिण कोरियात हे प्रमाण 94 टक्के होते. भारत, बांगलादेशात ते तुलनेने कमी. अभ्यासकांच्या मते मुलग्यांचे क्रिकेट आणि मुलींची घरकामे ही त्याची संभाव्य कारणे.

किशोरवयात हालचालीतील घट एकाच कारणाने होत नाही. वयात येताना झोपेची वेळ पुढे सरकते, पहाटेचे मैदान अवघड होते. मोबाइल बसवून ठेवतो.

महाराष्ट्रात दहावीचे वर्ष लागले की पी.टी.चा तास गणिताला जातो, संध्याकाळ क्लासला. मुलींच्या बाबतीत पाळीतील गैरसोय, शाळेतील अपुरी स्वच्छतागृहे आणि ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ ही ताकीद यांची भर पडते.

मित्रांची सोबत, पालकांचे प्रोत्साहन, जवळचे मैदान आणि सायकलने शाळेत जाणे यांमुळे ही घट मंदावते.