फ्लोरिझिनचा फेरा

लघवीला मुंग्या लागल्या की दुखणं ओळखायचं, ही जुन्या वैद्यांची खूण. आज मधुमेहाचे डॉक्टर मुद्दाम लघवीवाटे साखर घालवणारी गोळी लिहून देतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही तिची नावं. आणि या कुळाचा मूळपुरुष सापडला तो सफरचंदाच्या झाडाच्या मुळांत.

1835 मध्ये युरोपातल्या रसायनज्ञांनी त्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं. चव कडू. सिंकोनाची सालही कडूच, तेव्हा हेही तापावर चालेल असा त्यांचा होरा. (कडू ते गुणकारी, ही समजूत काही एकट्या आपली नाही.) 1886 मध्ये योसेफ फॉन मेरिंगने ते कुत्र्यांना दिलं, तर लघवीत साखर उतरली, रक्तातली मात्र वाढली नव्हती. याच गृहस्थाने तीन वर्षांनी स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्कीसोबत एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला खराखुरा मधुमेह झाला. मग सगळे स्वादुपिंडाच्या आणि पुढे इन्सुलिनच्या मागे लागले, ते योग्यच होतं. फ्लोरिझिन मूत्रपिंडाच्या अभ्यासकांपुरतं उरलं.

मूत्रपिंडं रोज साधारण 180 ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. त्यातला मोठा वाटा एसजीएलटी2 या प्रथिनाचा. फ्लोरिझिन त्यालाच अडवतं. 1987 मध्ये मधुमेही उंदरांवर ते वापरलं आणि रक्तातली साखर ताळ्यावर आली. तरी गोळी होईना: पोटात घेतलं की आतड्यातच त्याचे तुकडे पडतात, शिवाय आतड्यातलं एसजीएलटी1 हे त्याचं भावंड प्रथिनही अडतं आणि जुलाब होतात. अखेर रेणूतला ग्लुकोजचा सांधाच बदलला. मधला ऑक्सिजन काढून कार्बनला थेट कार्बन जोडला. तो आतड्यात तुटत नाही. असा घडलेला डापाग्लिफ्लोझिन 2012 मध्ये युरोपात मान्य झाला.

तेव्हा याला ‘नैसर्गिक औषध’ म्हणणं मला पटत नाही. गोळीत झाडाचं काहीच नाही, फक्त झाडाने सुचवलेला आराखडा आहे. सफरचंदाची साल उकळून पिणाऱ्याची साखर उतरायची नाही.

2019 मध्ये मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही, ज्यांचं हृदय अशक्त झालं होतं, हीच गोळी उपयोगी पडल्याचं दिसलं. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट ऑक्टोबर 2020 मध्ये संपलं. लगोलग देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि भाव कोसळले.