कुंडीतली चिलटे आणि एक जिवाणू

वर्गाच्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घातले की मातीतून बारीक काळी चिलटे उडतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटे वेगळी. ही ओल्या मातीवरच घुटमळतात. उडणाऱ्या चिलटाचा झाडाला फारसा त्रास नसतो. नुकसान करते ती मातीच्या वरच्या थरात राहणारी त्याची अळी. ती मुख्यतः बुरशी आणि कुजका पाला खाते. पण संख्या वाढली की कोवळी मुळेही कुरतडते. बटाट्याची एक चकती मातीवर ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. पारदर्शक अंगाच्या, चकचकीत काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या तर कीड ओळखता आली.

या अळीवर आज वापरले जाणारे एक जैविक औषध म्हणजे चक्क एक जिवाणू आहे. तो माणसाच्या हाती कसा लागला, ते आपण पाहू.

सुरुवात झाली जपानमध्ये. १९०१ साली शिगेताने इशिवाता हे शास्त्रज्ञ रेशीमकिड्यांना अचानक मारून टाकणाऱ्या एका रोगाचा शोध घेत होते. त्या रोगाच्या मुळाशी त्यांना एक जिवाणू सापडला. रेशीम पिकवणाऱ्यांचा तो शत्रूच होता. पुढे १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तसाच जिवाणू आढळला. अळ्या थुरिंगिया प्रांतातल्या गिरणीतून आल्या होत्या, म्हणून त्याचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जो रेशीमकिड्याला मारतो तो पिकावरच्या अळीलाही मारेल, हे मग ध्यानात आले. १९३८ साली फ्रान्समध्ये त्यापासून केलेले औषध विक्रीला आले.

तो मारतो कसा, हे १९५०नंतर उलगडू लागले. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनाचा एक स्फटिकही बनवतो. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो, विष मोकळे होते आणि आतड्याच्या भिंतीला छिद्रे पडतात. आपल्या जठरातला रस आम्लधर्मी असतो आणि हे विष जिथे चिकटते तशा जागा आपल्या आतड्यात नसतात. म्हणून आपल्याला त्याची बाधा होत नाही.

अनेक वर्षे असा समज होता की हा जिवाणू पतंग आणि फुलपाखरे यांच्याच अळ्या मारतो. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात गोल्डबर्ग आणि मार्गालित यांना एका डबक्यात डासांच्या अळ्या मेलेल्या दिसल्या. तिथल्या मातीतून त्यांनी याच जिवाणूचा नवा वाण वेगळा केला. त्याला पुढे ‘इस्राएलेन्सिस’ म्हणू लागले. पश्चिम आफ्रिकेत अंधत्व आणणारा रोग पसरवणाऱ्या काळ्या माश्यांवर रासायनिक औषध चालेनासे झाले, तेव्हा १९८०च्या दशकात हाच वाण तिथल्या नद्यांत सोडण्यात आला. डास, काळी माशी आणि आपले चिलट हे तिघेही दोन पंखांच्या एकाच गणातले. म्हणून हा वाण कुंडीतही उपयोगी पडतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पिकावरच्या अळ्यांसाठी विकला जाणारा वाण कुंडीतल्या चिलटांवर चालत नाही, आणि मुळांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर दोन्ही वाण निरुपयोगी. रासायनिक विष सरसकट मारते. जैविक औषधाला कीड आधी ओळखावी लागते. म्हणून बटाट्याची चकती आधी, औषध नंतर. ते पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा मातीत घालावे लागते, कारण अंडी आणि कोष त्याने मरत नाहीत.

पुष्कळदा औषधाचीही गरज पडत नाही. विद्यार्थ्यांना दोन सारख्या कुंड्या द्या. एकीची वरची माती सुकल्यावरच पाणी घालायचे, दुसरीची सतत ओली ठेवायची. महिनाभर दर आठवड्याला दोन्हींत बटाट्याची चकती ठेवून अळ्या मोजू द्या आणि आकडे फळ्यावर लिहायला सांगा. फरक का पडला, याचे उत्तर त्यांनाच शोधू द्या.